निस्ता इचार करून राह्यलं: जिनिंगच्या काट्यावरची एक हळू क्वेरी

२०२१ चा डिसेंबर. संध्याकाळी साडेसहाला फोन आला, काट्यावरच्या पोराचा.

"सर, कंप्यूटर काम नाई करून राह्यलं."

"बंद पडला का?"

"नाई जी, चालू हाय. बटन दाबलं का निस्ता इचार करून राह्यलं. इचार झाला का मंग काम पटकन करते."

मी हसलो, 'बघतो' म्हणालो आणि फोन ठेवला. पोरानं निदान एका वाक्यात सांगून टाकलं होतं. तिथपर्यंत पोचायला मला पुढे दीड दिवस लागला. ते वाक्य मी नीट ऐकलं असतं, तर हे लिहायची वेळ आली नसती.

जागा म्हणजे हिंगणघाट आणि समुद्रपूरच्या मधलं एक जिनिंग-प्रेसिंग, कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, आमची होती. आम्ही दोघंजण वर्ध्याला बसून अशा जिनिंगांसाठी काट्याचं सॉफ्टवेअर करतो. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं, यार्डात कापूस खाली होतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते, आणि दोन्ही वजनांची वजाबाकी होऊन पावती निघते. काम एवढंच, पण हंगामात ते पहाटेपासून रात्री दहापर्यंत चालतं. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,०२५ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच वर होता. त्यामुळे शेतकरी थेट खासगी जिनिंगवर येत होते. ट्रॅक्टर-ट्रॉली, मेटाडोर, छोटा हत्ती, सगळ्यांची रांग फाटकाबाहेर डांबरी रस्त्यावर लागलेली. अशा रांगेत दर वजनाला दहा-बारा सेकंद जास्त लागले की रात्री शेवटची गाडी कधी सुटेल याचा हिशोब शेतकरी आपला आपणच करतो, आणि तो हिशोब सेठच्या कानापर्यंत जातो.

मांडणी साधी आहे. वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून ठेवलेला: आय-थ्री प्रोसेसर, आठ जीबी रॅम, उबुंटू, त्यावर पोस्टग्रेस १० हा डेटाबेस. २०१८ मध्ये बसवला आणि मग 'चालतंय ना, हात लावू नको' या तत्त्वावर तसाच राहिला. काट्याच्या केबिनमध्ये जावामध्ये लिहिलेला आमचा प्रोग्राम. आणि ऑफिसात मुनीमजींच्या टेबलावर तिसरा कंप्यूटर, जिथून नोंदींची दुरुस्ती आणि हिशोब होतात. या तिसऱ्या कंप्यूटरवर परत येऊ.

डेटाबेसमधले दोन टेबल लक्षात ठेवा. एक 'वजन_नोंद', जिथे प्रत्येक पक्कं वजन जातं. दुसरं 'काटा_वाचन'. काट्याचा इंडिकेटर सेकंदाला दोन आकडे पाठवतो, दोन्ही काटे मिळून चार. हे सगळे आकडे 'काटा_वाचन'मध्ये पडतात आणि तिथून फाटकावरच्या मोठ्या लाल आकड्यांच्या फळीवर दिसतात, म्हणजे शेतकऱ्याला आपल्या डोळ्यांनी वजन स्थिर होताना पाहता येतं. पाच मिनिटांपेक्षा जुने आकडे एक छोटा प्रोग्राम दर मिनिटाला पुसतो. त्यामुळे टेबलात कोणत्याही क्षणी बाराशेच्या आसपासच ओळी असतात. पण दिवसाला सोळा तास काटे चालले तर २,३०,४०० ओळी येतात आणि तेवढ्याच जातात. बाराशे ओळींचं टेबल कोणाला त्रास देईल, असं मला वाटायचं.

पहिला दिवस मी घरून, एनीडेस्कवर (दूरचा कंप्यूटर आपल्या स्क्रीनवर आणणारा प्रोग्राम) घालवला. ऑटो_एक्सप्लेन आधीपासून लावलेलं होतं: अर्ध्या सेकंदाच्या वर गेलेली प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) तिच्या प्लॅनसकट (उत्तर कसं शोधायचं त्या आराखड्यासकट) लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, पडावी म्हणून. लॉग उघडला तर कोरा. एकही हळू क्वेरी नाही. म्हणजे डेटाबेस साफ, दोष बाहेर. मी नेटवर्कवर घसरलो. काट्याच्या केबिनपासून वरपर्यंत गेलेली केबल यार्डाच्या भिंतीवरून जाते, तिथे उंदीर असतात, आधी एकदा कुरतडली होती. बिचाऱ्या पोरानं रात्री नऊला स्वेटर घालून शिडी लावली, नवी केबल ओढली, स्विच बदलला, काट्याचा कंप्यूटर तीनदा बंद-चालू केला. सकाळी सेठचा फोन: "केबल नवी झाली, साहेब. गाडी थितंच हाय."

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढली.

तिथे जाऊन पहिल्यांदा बटणाच्या मागे घड्याळ घेऊन उभा राहिलो. 'वजन घ्या' दाबलं की चार सेकंद काही नाही, मग आकडा, मग पुन्हा चार सेकंद, मग शेतकऱ्याचं नाव, असं तीन टप्प्यांत बारा सेकंद. पोरगा म्हणाला सोमवारी एवढं नव्हतं, मंगळवारी थोडं, काल जास्त, आज अजून जास्त. ही गोष्ट त्यानं आपणहून सांगितली, मी विचारली नव्हती. गाड्यांची संख्या चारही दिवस सारखीच. भार तोच आणि वेळ रोज वाढतोय, म्हणजे कुठेतरी काहीतरी साचतंय. केबल अशी रोज थोडी थोडी हळू होत नाही.

मग पाच मिनिटांसाठी लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट शून्यावर नेलं, म्हणजे प्रत्येक हालचाल लॉगमध्ये. असं कायम ठेवायचं नसतं, डिस्क भरते. पण त्या पाच मिनिटांत जे दिसलं ते असं होतं: एकाच क्वेरीच्या तीन ओळी. पार्स, ०.३ मिलिसेकंद. बाइंड, ४,११८ मिलिसेकंद. एक्झिक्यूट, १.९ मिलिसेकंद.

मी त्या मधल्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिलो. जावाचा ड्रायव्हर पोस्टग्रेसशी तीन पायऱ्यांत बोलतो: आधी क्वेरीचं वाक्य देतो, मग त्यातल्या प्रश्नचिन्हांच्या जागी किंमती बसवतो, मग चालवायला सांगतो. बिननावाच्या स्टेटमेंटचा प्लॅन मधल्या पायरीत बनतो, किंमती हातात आल्यावर. म्हणजे बाइंडमधले चार सेकंद हे डेटा शोधण्याचे नाहीत, डेटा कसा शोधायचा हे ठरवण्याचे आहेत. ऑटो_एक्सप्लेनचा लॉग कोरा का होता तेही कळलं. तो फक्त एक्झिक्यूशनचा वेळ मोजतो, आणि तो होता दोन मिलिसेकंद. मी नाक तपासायच्या काडीनं कान तपासत बसलो होतो.

पक्कं करायला पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला थेट हुकूम द्यायची खिडकी) तीच क्वेरी एक्सप्लेन लावून दिली. अॅनलाइज न लावता, नुसतं एक्सप्लेन. नुसतं एक्सप्लेन क्वेरी चालवत नाही, फक्त रस्ता सांगतं. टायमिंग चालू केलं होतं. चार सेकंद. पुन्हा दिलं, तरी चार सेकंद. नव्या कनेक्शनवर पहिल्या वेळी कॅटलॉग (टेबलांची माहिती) मेमरीत यायला थोडा वेळ लागतो, पण तो दुसऱ्या वेळी लागायला नको. मग अॅनलाइजसकट, म्हणजे क्वेरी खरोखर चालवून: प्लॅनिंग टाइम ४,१०२ मिलिसेकंद, एक्झिक्यूशन टाइम १.८७. 'इचार झाला का काम पटकन करते.'

आता प्लॅनर, म्हणजे पोस्टग्रेसमधला हा रस्ता ठरवणारा भाग, विचारात का अडकतो, याची जी कारणं मला तोंडपाठ होती ती मी एकेक करून ठोकली. टेबलांची भाऊगर्दी: त्या क्वेरीत नऊ टेबल जोडलेले होते, कारण मी एकावर एक व्ह्यू (नाव देऊन ठेवलेल्या क्वेरी) रचले होते. टेबलांचे क्रम प्लॅनर तपासतो ते टेबल वाढले की भराभर वाढतात. म्हणून जॉइन_कोलॅप्स_लिमिट मुळात आठ असतं, आणि बारा टेबलांपासून पुढे प्लॅनर सगळे क्रम तपासायचं सोडून जनुकीय पद्धतीनं अंदाज बांधायला लागतो. हे मर्यादेचं प्रकरण असावं म्हणून आकडा चारवर आणून पाहिला. फरक चाळीस मिलिसेकंदांचा. दुसरा संशय आकडेवारीवर: डिफॉल्ट_स्टॅटिस्टिक्स_टार्गेट मुळात शंभर असतं, मी कधीतरी कोणाचं तरी वाचून ते हजार केलं होतं. दोन टेबल जोडताना प्लॅनर दोघांच्या 'वारंवार येणाऱ्या किंमती' एकमेकांशी ताडून पाहतो, यादी लांब तर ताडणं जास्त. ते शंभरवर आणून टेबलांवर अॅनलाइज चालवलं, म्हणजे आकडेवारी नव्यानं गोळा केली. अजून वीसेक मिलिसेकंद कमी. टेबलांची पार्टिशन, म्हणजे तुकडे, नव्हतीच. नऊ टेबलांना चार सेकंद लागतच नाहीत हे खरं तर आधीच कळायला हवं होतं. शिवाय हे दोन्ही दोष वर्षानुवर्षं तसेच होते, आणि त्रास चार दिवसांचा होता.

मग तो मार्ग धरला जो पहिल्यांदा धरायला हवा होता. क्वेरीतून एकेक टेबल काढत एक्सप्लेन देत गेलो. शेतकऱ्याचं टेबल काढलं, चार सेकंद. गावाचं काढलं, चार सेकंद. गाडीचं काढलं, चार सेकंद. 'काटा_वाचन' काढलं, तीन मिलिसेकंद.

बाराशे ओळींचं टेबल. तेच.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि तिची परीक्षा घेणं सोपं होतं. पोस्टग्रेस प्रत्येक इंडेक्सचा (ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेल्या क्रमवार सूचीचा) मीटर ठेवतो: किती वेळा तो इंडेक्स चाळला, चाळताना किती नोंदी वाचल्या. 'काटा_वाचन'च्या प्रायमरी कीच्या (ओळ ओळखायच्या क्रमांकाच्या) इंडेक्सचे दोन्ही आकडे लिहून घेतले. नुसतं एक्सप्लेन दिलं, क्वेरी चालवली नाही. दोन सेकंद थांबून पुन्हा आकडे पाहिले. चाळण्याची संख्या दोननं वाढली होती. वाचलेल्या नोंदींची संख्या अठरा लाखांच्या वर गेली होती. क्वेरी चाललीच नाही, आणि तरी बाराशे ओळींच्या टेबलाच्या इंडेक्सवर अठरा लाख नोंदी वाचून झाल्या. हे दोन आकडे मी वहीत पेननं लिहिले. ते पान अजून आहे.

प्लॅनर इंडेक्समध्ये कशाला जातो? प्लॅनरकडे प्रत्येक कॉलमची आकडेवारी असते, त्यात सगळ्यात लहान-मोठ्या किंमतींचा अंदाज असतो. पण ती आकडेवारी शेवटच्या अॅनलाइजच्या वेळची, म्हणजे शिळी. क्रमांक सतत पुढे सरकणाऱ्या टेबलात ती काही मिनिटांतच खोटी ठरते. म्हणून विचारलेली किंमत अंदाजाच्या पहिल्या किंवा शेवटच्या खणात पडली की प्लॅनर इंडेक्सच्या त्या टोकाला जाऊन खरी लहानात लहान किंवा मोठ्यात मोठी किंमत डोळ्यांनी पाहून येतो. पोस्टग्रेस ९.० पासून हे आहे, आणि चांगलं आहे. इंडेक्सचं टोक गाठायला तशी दोन-चार पानंच उलटावी लागतात. मर्ज जॉइनचा (दोन टेबल क्रमानं लावून जोडण्याच्या पद्धतीचा) खर्च काढताना तर प्लॅनरला दोन टेबलांच्या किंमती कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे कळायलाच हवं, आणि आमच्या क्वेरीत 'वजन_नोंद' आणि 'काटा_वाचन' वाचन-क्रमांकावर जोडलेले होते. 'वजन_नोंद' हंगामाच्या सुरुवातीपासूनचं, 'काटा_वाचन' शेवटच्या पाच मिनिटांचं. म्हणजे तुलना हटकून खालच्या टोकाला जाणार.

आणि खालच्या टोकाला होते चार दिवसांचे मढे.

पोस्टग्रेसमध्ये ओळ पुसली म्हणजे ती जात नाही. तिच्यावर 'गेली' अशी खूण होते, आणि ती दिसायला हवी असा कोणीही उरला नाही की व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसचा झाडूवाला, येऊन तिला खरोखर काढतो. तोवर ती टेबलात असते आणि इंडेक्समध्येही. आमच्या फाटकावर कच्च्या चिठ्ठ्यांचा एक डबा असतो, गाडी आत गेली की चिठ्ठीवर रेघ मारतात. आता कोणी विचारलं, 'रांगेत पहिली गाडी कोणती?', तर माणूस डब्यातली पहिली चिठ्ठी काढतो, रेघ आहे, बाजूला, दुसरी, रेघ, तिसरी, रेघ. दिवसअखेर डबा रिकामा होत असेल तर काही बिघडत नाही. पण मुनीमजींनी सांगून ठेवलं असेल की 'मी येईपर्यंत एकही चिठ्ठी फाडू नका', तर चौथ्या दिवशी पहिली गाडी सांगायला नऊ लाख चिठ्ठ्या उलटाव्या लागतात. आणि दर वेळी नव्यानं.

'नव्यानं' हाच खरा खिळा. एरवी असं चाळताना पोस्टग्रेसला पूर्ण मेलेली नोंद भेटली तर तो इंडेक्समध्येच तिच्यावर फुली मारतो, पुढच्याला ती उलटावी लागत नाही. पण जुनं ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्का किंवा रद्द होणारा कामांचा गठ्ठा) कुठेतरी उघडं असेल, तर ही ओळ त्याला अजून दिसू शकते, म्हणून फुली मारता येत नाही. आवृत्ती १० मध्ये प्लॅनर अशा अर्धमेल्या ओळींवर थांबतही नाही, त्याला जिवंत ओळच हवी असते. म्हणून प्रत्येक क्वेरी, प्रत्येक वेळी, पुन्हा पहिल्या चिठ्ठीपासून.

अंदाज ठीक, पण पुरावा हवा. रात्री साडेदहाला शेवटची गाडी गेल्यावर ट्रान्झॅक्शन सुरू केलं, 'काटा_वाचन'ची प्रायमरी की तोडली, एक्सप्लेन दिलं आणि रोलबॅक केलं, म्हणजे सगळं मागे घेतलं. पोस्टग्रेसमध्ये हे करता येतं, इंडेक्स जसाच्या तसा परत येतो; फक्त तेवढा वेळ टेबल पूर्ण अडतं, म्हणून भर गर्दीत करू नये. इंडेक्स नसताना प्लॅनिंग तीन मिलिसेकंद. इंडेक्स परत आल्यावर चार सेकंद. इंडेक्स जितका चांगला तितकी क्वेरी वेगवान, हे आम्ही ग्राहकांना शपथेवर सांगतो.

खरं तर या रस्त्यावर मी दुपारीच एकदा येऊन परत फिरलो होतो. टेबलांच्या आकडेवारीत 'काटा_वाचन'चा शेवटचा ऑटोव्हॅक्यूम (आपोआप येणारा व्हॅक्यूम) कधी झाला ते पाहिलं होतं: एक मिनिटापूर्वी. वा, म्हणजे व्हॅक्यूम नीट चालू आहे, असं म्हणून मी पुढे गेलो. त्याच ओळीत, काही कॉलम अलीकडे, जिवंत ओळी १,२०० आणि मृत ओळी नऊ लाखांच्या वर असं लिहिलेलं होतं. व्हॅक्यूम दर मिनिटाला येत होता, नऊ लाख मढी पाहत होता आणि हात हलवत परत जात होता. तो 'आला' होता एवढंच मी वाचलं, त्यानं 'काय नेलं' ते वाचलं नाही. हातानं व्हॅक्यूम व्हर्बोज दिल्यावर त्यानं स्पष्टच सांगितलं की एवढ्या मृत ओळी अजून काढता येत नाहीत, आणि सोबत कोणत्या ट्रान्झॅक्शनपासून पुढचं काढता येत नाही तो क्रमांकही दिला.

तो क्रमांक घेऊन पीजी_स्टॅट_अॅक्टिव्हिटी, म्हणजे चालू कनेक्शनांची यादी, उघडली. एक ओळ: अवस्था 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं, पण काम काही नाही), सुरुवात रविवारी संध्याकाळी सहा वाजून काही मिनिटांनी, आयपी पत्त्याचा शेवट १४ नं. मी पोराला विचारलं, "चौदा नंबर कोणता रे?"

"मुनीमजीचा."

"मुनीमजी कुठायत?"

"लग्नाले गेले अमरावतीले. भाच्याचं लगन हाय. शुक्रवारी येतीन."

मुनीमजींच्या केबिनला कुलूप, किल्ली मुनीमजींबरोबर अमरावतीला. काचेतून पाहिलं तर स्क्रीन काळी, पण सीपीयूचा हिरवा दिवा लागलेला आणि यूपीएस गुणगुणत होता. एरवी ते रोज संध्याकाळी कंप्यूटर बंद करूनच उठतात. रविवारी घाईत निघाले, फक्त मॉनिटर बंद केला.

आता चूक कोणाची ते सांगतो. मुनीमजींनी एक नोंद दुरुस्तीला उघडली होती. आमचा दुरुस्तीचा फॉर्म उघडताच ती ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट'नं धरून ठेवतो, म्हणजे एकाच वेळी दोघांनी तीच नोंद बदलू नये. ही कल्पना माझी. २०१८ साली मला ती फार शहाणपणाची वाटली होती. फॉर्म उघडा आहे तोवर ट्रान्झॅक्शन उघडं. ओळ धरल्यामुळे त्या ट्रान्झॅक्शनला क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक जिवंत असेपर्यंत त्यानंतर कोणत्याही टेबलात मेलेली एकही ओळ काढता येत नाही. 'काटा_वाचन'शी त्या फॉर्मचा काही संबंध नव्हता, त्यावर कोणतंही लॉक नव्हतं, म्हणून लॉक शोधणाऱ्याला काहीच सापडलं नसतं. नुसतं वाचून बसलेलं नेहमीचं ट्रान्झॅक्शन दोन वाक्यांच्या मधे असं अडवत नाही. पण ज्यानं काही लिहिलं किंवा धरलं, ज्याचा कर्सर (उत्तर थोडं थोडं वाचायची खूण) उघडा आहे किंवा जे रिपीटेबल रीडमध्ये (सुरुवातीचंच चित्र शेवटपर्यंत पाहत) बसलंय, ते अडवतं. वापरात नसलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरला बदल पाठवायची राखीव जागा) आणि विसरलेलं प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शनही असंच करतं. दोन्ही पाहून घेतली, इथे नव्हती.

पुढचं काम तांत्रिक नव्हतं. ते कनेक्शन तोडलं तर मुनीमजींनी फॉर्ममध्ये जे टाइप करून ठेवलं असेल ते जाणार. रात्री अकराला लग्नघरी फोन लावला. मागे बँडचा आवाज. "मुनीमजी, रविवारी एक फॉर्म उघडा राहिलाय, तो बंद करतोय. काही लिहिलं होतं का त्यात?" ते म्हणाले, "वायगावच्या एका गाडीचा वलावा चुकीचा पडला होता, आठच्या जागी बारा. मी आल्यावर लिहितो, तुम्ही बिनधास्त करा. जेवले का तुम्ही?"

पीजी_टर्मिनेट_बॅकएंडनं कनेक्शन तोडलं, मग व्हॅक्यूम. या वेळी व्हॅक्यूमनं मढी उचलली, इंडेक्सची रिकामी झालेली पानं सोडवली. एक्सप्लेन: ३.१ मिलिसेकंद. पोरानं वर येऊन पाहिलं. त्याला आकड्यात रस नव्हता, त्यानं खाली जाऊन बटण दाबलं आणि खालूनच ओरडून सांगितलं.

याच हंगामात दोनदा 'थोडं हळू चालतंय' अशी तक्रार आली होती आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ती आपोआप गेली होती, त्याचंही उत्तर इथेच होतं. मुनीमजी फॉर्म उघडा ठेवून जेवायला किंवा बँकेत जात, दुपारभर मढी साचत, संध्याकाळी कंप्यूटर बंद झाला की कनेक्शन तुटत असे आणि व्हॅक्यूम रात्रीत सगळं साफ करत असे. आम्ही त्या तक्रारींवर 'नेटवर्क' असा शेरा मारून फाइल बंद केली होती.

त्याच रात्री आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट दहा मिनिटांवर लावलं. ९.६ पासून ही सोय आहे आणि मुळात ती बंद असते. ती लावल्यानं प्रश्न झाकला जातो, सुटत नाही, उलट एक नवा उभा राहतो: दहा मिनिटांनी सर्व्हर कनेक्शन तोडतो आणि प्रोग्रामला ते सांभाळता आलं नाही तर मुनीमजींसमोर इंग्रजीत लाल चौकट येते. म्हणून पुढच्या आठवड्यात फॉर्म नव्यानं लिहिला. आता तो ओळ धरत नाही. नोंदीला एक आवृत्ती-क्रमांक दिला. जतन करताना 'मी वाचली तेव्हाचीच आवृत्ती अजून असेल तरच बदल' अशी अट लावली. मधे कोणी बदल केला असेल तर फॉर्म सांगतो की ही नोंद दुसऱ्यानं बदललीय, पुन्हा पाहा. ट्रान्झॅक्शन उघडतं आणि काही मिलिसेकंदांत बंद होतं; माणूस मधे लग्नाला जाऊन येऊ शकतो.

'काटा_वाचन'साठी ऑटोव्हॅक्यूमचं प्रमाण शून्य आणि उंबरठा हजार ओळींचा केला, म्हणजे टेबल केवढंही असो, हजार ओळी मेल्या की व्हॅक्यूम यावा. आणि तासातासाला दोन आकडे पाहणारी एक छोटी स्क्रिप्ट लावली: सगळ्यात जुनं उघडं ट्रान्झॅक्शन किती मिनिटांचं, आणि मृत ओळी जिवंत ओळींच्या किती पट. मर्यादा ओलांडली की माझ्या फोनवर संदेश. पहिल्या आठवड्यात तो दोनदा वाजला, दोन्ही वेळा माझ्याच लॅपटॉपवर उघड्या राहिलेल्या पीएसक्यूएलमुळे.

आवृत्ती बदलण्याचं काम हंगाम संपेपर्यंत थांबवलं. चालत्या काट्यावर असलं काही करू नये, हे मी एका जुन्या फजितीतून शिकलोय, ती इथे सांगत नाही. जून २०२२ मध्ये, पहिल्या पावसाआधी, पोस्टग्रेस १४ वर गेलो. ११ पासून प्लॅनर टोकाशी डोकावताना 'अजून काढता येत नाही' अशा ओळीवरही समाधान मानतो, तिथेच थांबतो. म्हणजे मुनीमजींचा फॉर्म उघडा असला तरी आमचं हे नेमकं प्रकरण ११ वर घडलंच नसतं. तिथे एक दुसरी फट उरली होती: एका दमात खूप ओळी पुसल्यावर, व्हॅक्यूम येण्याआधी पहिली येणारी क्वेरी सगळ्या फुल्या मारत बसायची. फेब्रुवारी २०२३ च्या छोट्या आवृत्त्यांमध्ये, आमच्यासाठी १४.७ मध्ये, तिलाही लगाम घातला गेला: टेबलाची शंभर पानं पाहून झाली की प्लॅनर शोध सोडतो आणि शिळ्या अंदाजावर भागवतो. या अद्ययावतीला आम्ही महिना लावला नाही, आलेल्या आठवड्यातच बसवली.

१३ पासून पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समध्ये (क्वेरींचा हिशोब ठेवणारी सोय) प्लॅनिंगचा वेळ वेगळा नोंदवता येतो, पण ट्रॅक_प्लॅनिंग मुळात बंद असतं, ते मुद्दाम चालू करावं लागतं. आमच्याकडे आता चालू आहे. गेल्या हंगामात त्या क्वेरीचा सगळ्यात मोठा प्लॅनिंगचा वेळ अकरा मिलिसेकंद निघाला. तो एका सोमवारी सकाळी सर्व्हर चालू केल्यावरच्या पहिल्या गाडीचा होता.